जोडीचा फड आणि यंदाचा नवा वग

चैत्र लागण्याआधी अवसरी बुद्रुकसारख्या गावात यात्रा कमिटीची बैठक बसते. वर्गणीची वही निघते, पालखीची वेळ ठरते, आखाड्यातल्या कुस्त्यांचं इनाम आणि बैलगाडा घाटातली बक्षिसं यांवर थोडी तणातणी होते. मग सगळ्यांत जास्त वेळ खाणारा प्रश्न येतो: यंदा तमाशा कुणाचा? हे गाव आंबेगाव तालुक्यातलं, मंचरजवळचं. पुणे-नाशिक रस्त्याला लागलं की जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव फार लांब नाही. कमिटीतली चार जाणती माणसं गाडी काढतात आणि तिकडे निघतात. एखाद्या कलावंत जोडीने पावसाळ्यात तालमी करून जे नवं उभं केलेलं असतं, त्याचं गिऱ्हाईक म्हणजे ही चार माणसं.

आज शहरातली दोन तरुण मुलं घरच्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित करतात, अल्बम काढतात आणि मोबाइलवरून त्याचा प्रचार करतात. कंपनी नाही, निर्माता नाही. गाणं आपलं, खर्च आपला, नफा-तोटाही आपला. त्यांना ‘इंडिपेंडंट’ कलाकार म्हणतात आणि ही रीत अगदी नवी असल्यासारखं लिहिलं-बोललं जातं. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ती नवी वाटायचं काही कारण नाही. स्वतःचा फड, स्वतःचा तंबू, स्वतःची पत्रकं आणि दरसाल नवा वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, घेऊन फिरणाऱ्या जोड्या या मुलखाने कित्येक पिढ्या पाहिल्या आहेत. या प्रकरणात त्यांच्याकडे नीट पाहायचं आहे, कारण आजच्या जोडीला जे प्रश्न पडतात त्यांपैकी बरेचसे त्यांनी आधीच झेललेले आहेत. काहींची उत्तरं त्यांना सापडली, काहींची नाहीत.

नारायणगावच्याच जोडीपासून सुरुवात करू. शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे भाऊ आणि बापू या भावांनी तो नारायणगावच्या नावाने मोठा केला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे फडाचं नाव. दोन भाऊ, त्यांची जात आणि त्यांचं गाव, सगळं त्या नावात उघड. ज्या जातीच्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर अडवत, तिचंच नाव फडाच्या नावात ठळक घ्यायचं आणि त्याच नावावर गर्दी खेचायची, ही मला तमाशाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. भाऊंची मुलगी विठाबाई याच फडात घडली. तिचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. पुढे तिने स्वतःचा फड चालवला, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला आणि १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली. योगीराज बागूल यांनी तिचं चरित्र लिहिलं आहे. राज्य सरकार आज तिच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं.

जोडीच का, हा प्रश्न कुणालाही पडेल. तमाशाचा कारभार एकट्याला आवरणारा नाही. एकाने मंचावर उभं राहायचं, तर दुसऱ्याने पडद्यामागचं पाहायचं. एकाला शब्द सुचतात, दुसऱ्याला गळा असतो. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी आणि बाळा ही जोडी अशीच होती: कवनं होनाजी शिलारखान्याची आणि गाणारा बाळा करंजकर. लोकांनी ती दोन नावं इतकी घट्ट बांधली की होनाजी बाळा हा एकच माणूस असावा, असं आजही अनेकांना वाटतं. व्ही. शांताराम यांनी १९५१ साली होनाजीवर ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला.

सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे घराण्यात तर जोडीची परंपराच झाली. आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा आणि त्यांच्या पुढचे काळू-बाळू. काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ. चेहऱ्यामोहऱ्याने इतके सारखे, की ‘जहरी प्याला’ या वगात हवालदारांच्या वेषात दोघे समोर आले तरी मंडप हसायला लागायचा. दत्ता महाडिक आणि गुलाबराव बोरगावकर ही जोडी वेगळ्या घडणीची: महाडिकांची शाहिरी आणि बोरगावकरांचं सोंगाड्याचं काम. आई-मुलाच्या जोड्याही झाल्या. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर, किंवा विठाबाईची मुलगी मंगला बनसोडे आणि तिचा मुलगा नितीनकुमार. मोठ्या फडाच्या फलकावर अशी दोन नावं शेजारी-शेजारी दिसतात आणि गावाला त्यातून नेमकं कळतं की एक जुना, खात्रीचा कलावंत आहे आणि दुसरा पुढचा गाडा ओढणारा आहे.

आता माल काय असतो ते पाहू. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा ठरलेला क्रम. गण-गौळण परंपरेची, बतावणी सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर चालणारी. नवेपणा येतो तो वगात. उमा बाबू सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो, साल १८६५. तेव्हापासून वग हीच फडाची ओळख झाली. दसऱ्याला तंबूचा हंगाम सुरू होतो. त्याआधी पावसाळ्याच्या उतारावर तालमी बसतात. वगाचं कथानक ठरतं, गाण्यांना चाली लागतात आणि संवादांचा निम्मा भाग पात्रांच्या तोंडीच वाढत जातो. ऐतिहासिक वग असतो, कौटुंबिक असतो आणि गाजलेल्या माणसांवरचाही असतो. बापू बिरू वाटेगावकरांसारख्या तेव्हा हयात असलेल्या माणसाची कथा मंगला बनसोडे यांच्या फडाने वगात आणली आणि वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंतही ती पोचली. म्हणजे अल्बमसारखंच सगळं: एक नाव, एक मध्यवर्ती कथा, सातआठ नवी गाणी आणि एका हंगामाचं आयुष्य. वग चालला तर दोन-तीन हंगाम, पडला तर महिनाभरात गुंडाळायचा.

प्रचाराची पद्धत रोखठोक होती. तंबू ज्या गावी लागणार तिथे सकाळपासून कर्णा लावलेली जीप किंवा रिक्षा फिरायची. मागे उडवलेली पातळ रंगीत कागदाची पत्रकं पोरं गोळा करायची. त्यावर जोडीचं नाव सर्वांत मोठं, खाली वगाचं नाव, मग सोंगाड्या, ढोलकीपटू, नर्तकी, आणि तळाशी तिकिटाचे दर. कर्ण्यावरून वगाची गोष्ट सांगायची, पण शेवट राखून ठेवायचा. ‘पुढे काय झालं ते आज रात्री तंबूत’ हे वाक्य त्या काळी किती खेड्यांच्या कानावर पडलं असेल! आज गाण्याचे पंधरा सेकंद रीलवर टाकून बाकीचं राखून ठेवतात, तेव्हा करायचं तेच असतं.

चैत्रात मात्र तंबूचा तमाशा सुपारीचा होतो. तिकीट नाही, गाव पैसे देतं आणि सगळ्यांनी पाहायचं. त्या करारांचा बाजार म्हणजे नारायणगाव. गुढीपाडव्याच्या आधीच्या दिवसांत इथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीच्या दर्शनी बाजूला फलक, त्यावर कलावंतांचे फोटो आणि यंदाच्या वगाचं नाव. आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या, भिंतीला दिनदर्शिका आणि मॅनेजरच्या हाताखाली जाड तारीखवही. पाव्हणे आले की आधी पाणी, मग चहा. ‘बसा तात्या, गाव कोणतं?’ इथून बोलणं सुरू होतं. गावाची माणसं विचारतात: सोंगाड्या गेल्या सालचाच का, वग कोणता, कलाकार किती, ट्रक किती, सकाळची हजेरी करणार ना. मॅनेजर तारीख विचारतो आणि बोट वहीवर फिरवतो. खरी किंमत त्या बोटावर ठरते.

याचं कारण पंचांगात आहे. पुणे जिल्ह्यात भैरवनाथाची गावं भरपूर, त्यामुळे चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे कालाष्टमीला, एकाच रात्री कितीतरी गावांच्या यात्रा येतात. चैत्र पौर्णिमेचं तसंच. फड मोजके, गावं शेकडो. मग त्या रात्रीचा भाव इतर रात्रींच्या दुपटीवरही जातो. मोठ्या फडाची सुपारी लाखांत असते आणि पाडव्याच्या एका दिवसात इथली उलाढाल कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. भाव जमला की इसार द्यायचा, पावती घ्यायची, अटी लिहायच्या: किती वाजता पोचायचं, जेवण कुणाचं, मंचाची जागा कोण देणार. या कागदाला कुणी बहारदार नाव दिलेलं नाही, पण ज्या जोडीकडे असा लेखी करार आणि स्वतःची तारीखवही आहे तीच खऱ्या अर्थाने स्वतंत्र, असं माझं मत आहे. वही दुसऱ्याच्या हातात गेली की जोडी नोकर झाली, मग फलकावर नाव कितीही मोठं असो.

याच वहीच्या दुसऱ्या बाजूला कर्ज असतं. हंगाम सुरू होण्याआधी कलाकारांना उचल द्यावी लागते. शंभर-शंभर माणसांचा मोठा फड, ट्रक, जनरेटर, कनाती, ध्वनी आणि प्रकाशाची यंत्रणा, सगळ्यासाठी पैसा आधी लागतो आणि मिळकत नंतर होते. म्हणून फडमालक सावकाराकडे जातो. चैत्र-वैशाखातल्या काही रात्रींवर वर्षाचा हिशेब टिकलेला असतो. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. राहुट्यांतला बाजार ज्या दिवशी भरात यायचा, त्याच दिवशी सगळा देश घरात बसला. पुढचं सालही तसंच गेलं. दोन हंगामांचं व्याज किती कुटुंबांच्या मानेवर बसलं, याची नीट नोंद कुणी ठेवली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गावात फड आला की रात्रीचं चित्र कसं असतं? ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी ऐकून माणसं घोंगड्या, चटया घेऊन येतात. गण होतो, गौळण रंगते, मग रंगबाजीत सिनेमातल्या गाण्यांवर नाच आणि फर्माईश. वगाची खरी वेळ पूर्वी मध्यरात्रीची. पहाटेपर्यंत तो चालायचा आणि सकाळी पुन्हा देवळापुढे हजेरी. आता ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियमामागचा हेतू चांगला आहे आणि आजारी माणसाच्या, परीक्षेच्या मुलाच्या बाजूने तो हवाच. पण त्याची किंमत वगाने दिली, हेही लिहून ठेवलं पाहिजे. चार तासांचा वग पाऊण तासात कोंबायचा, तर कापलं काय जातं? नवी गाणी, नवं कथानक. उरतात सिनेमाची गाणी आणि विनोद. जोडीने पावसाळ्यात खपून केलेलं काम ऐकायला रात्रच उरत नाही.

ध्वनिमुद्रणाने या जोड्यांना काय दिलं, हा वेगळा धडा आहे. भारतात ध्वनिमुद्रिका निघायला १९०२ मध्ये सुरुवात झाली. पण खेड्यापर्यंत ध्वनिमुद्रित गाणं खरोखर पोचलं ते कॅसेटने, १९८० च्या सुमारास. स्वस्त टेपरेकॉर्डर आला, एसटी स्टँडवर कॅसेटची दुकानं लागली आणि वग, बतावण्या, लोकगीतं घराघरांत वाजू लागली. आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे या भावांचे आवाज याच लाटेवर महाराष्ट्रभर गेले. जोडीचं नाव पसरलं, हा फायदा मोठाच. पण कॅसेट विकायची दुसऱ्याने आणि नक्कल करायची तिसऱ्याने, असा तो धंदा होता. तंबूच्या दारावर तिकिटाचा पैसा मोजून घेणाऱ्या माणसाला आपली कॅसेट किती खपली हे कळायचा मार्ग नव्हता.

लिहिणाऱ्याचं त्याहून वाईट झालं. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे लेखणीचे धनी. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा ही त्यांच्या फडाचा गळा आणि पाय. मुंबईच्या थिएटरांत या जोडीने गर्दी खेचली. वतनदार ब्राह्मण कवी आणि महार समाजातली नर्तकी एकाच मंचावर, हीच त्या काळात मोठी जाहिरात होती. पुढे जोडी फुटली. पवळा १९३९ मध्ये गेली, बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी, हलाखीत. त्यांच्या लावण्या मात्र वाजत राहिल्या. भारतीय कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे २००५ अखेरपर्यंत बापूरावांच्या रचनांवर हक्क होता आणि त्या सहा दशकांत त्यांच्या लावण्या फडांत, सिनेमात, रेडिओवर गायल्या गेल्या.

२०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमासाठी वा ध्वनिमुद्रिकेसाठी गाणं दिलं, तरी त्याच्या पुढच्या वापराच्या मानधनातला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा आता लिहून घेऊनही काढता येत नाही. हे कलम जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक शाहिराला कुणीतरी समजावून सांगायला हवं. गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा एक, चाल बांधणाऱ्याचा दुसरा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च व जबाबदारी घेणाऱ्याचा तिसरा. जोडीत एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने चाल दिली, तर कायद्याच्या नजरेत त्या दोन स्वतंत्र कृती आहेत. पैसे मात्र बहुधा ज्याच्या बँक खात्याला चॅनल जोडलेलं असतं त्याच्याकडे जातात. भांडण इथेच पेटतं.

आजच्या जोड्यांकडे वळू. अजय आणि अतुल गोगावले हे भाऊ पुणे जिल्ह्यातच वाढले. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदलीनुसार गावं बदलत गेली. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत ‘विश्वविनायक’ हा अल्बम येतो. त्यात एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज आहेत आणि गणपतीच्या स्तवनाला भव्य वाद्यमेळाची साथ आहे. २०१० च्या ‘नटरंग’मध्ये याच जोडीने ढोलकीच्या तमाशाला शहरातल्या थिएटरात मान मिळवून दिला. ती सिनेमाची वाट झाली. सिनेमाबाहेरची वाट जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड याने आणि संगीतकार जी-स्पार्क याने दाखवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ‘गुलाबी साडी’ हे गाणं कुठल्याही चित्रपटाचं नव्हतं. ते रीलवरून पसरलं, लग्नांत, वरातींत वाजलं आणि मराठी गाणाऱ्याचा चेहरा न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकापर्यंत गेला.

हे यश पाहून मंचर, घोडेगाव, जुन्नरची मुलंही गाणी काढू लागली आहेत. त्यांनी काही गोष्टी आधी माहीत करून घ्याव्यात. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले जाणं. इतर ॲपवर गाणं चढवायचं तर मधल्या वितरक कंपनीमार्फत जावं लागतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो स्वतःजवळ लिहून ठेवावा. गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं, म्हणजे रेडिओ, हॉटेल, कार्यक्रमांतल्या वापराचं मानधन गोळा होण्याची सोय होते. गाणं बाहेर पडण्याआधी दोघांनी एका कागदावर वाटे लिहून सह्या कराव्यात. सख्खे भाऊ असले तरी कराव्यात. किंबहुना सख्खे असले तर आधी कराव्यात.

आणि कमाईचा भरवसा कार्यक्रमावर ठेवावा. ॲपवर एका वेळच्या ऐकण्याला पैशांत मोजण्याइतकंच मिळतं. काळू-बाळूंचं किंवा विठाबाईचं घर चाललं ते माणसं समोर बसल्यामुळे. ध्वनिमुद्रित गाणं हे त्यांच्यासाठी तंबूकडे बोलावणारं पत्रक होतं आणि आजच्या जोडीसाठीही ते तेच राहील, निदान बराच काळ. यात्रा आहेत, गणेशोत्सव आहे, हळदी-लग्नं आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती कायम केली, तेव्हापासून या तालुक्यांतल्या घाटांवर पुन्हा प्रचंड गर्दी लोटते आहे. समोर माणसं आहेत. त्यांच्यापुढे उभं राहण्याची तयारी हवी.

गावांच्या यात्रा कमिट्यांना माझं सांगणं एवढंच आहे. यंदा राहुटीत बसाल तेव्हा कलाकारांची संख्या आणि ट्रकांची संख्या विचारून झाल्यावर वग कुणी लिहिला, तेही विचारा. तो पूर्ण करायला निदान दोन तास द्या. गण संध्याकाळी सातलाच लावलात तर दहाच्या आत बसतो. सुपारीची उरलेली रक्कम हजेरी संपायच्या आत, गाड्या भरण्याआधी हातात द्या. आणि यात्रेच्या पत्रिकेवर देणगीदारांची नावं छापता, तिथेच एका ओळीत त्या वगकाराचं आणि त्याला चाल देणाऱ्याचं नाव छापा.